दुसरी चिठ्ठी

"ती टोपी आमची न्हाई," मी उभा राहून म्हणालो. "आमची चिठ्ठी काळ्या टोपीत टाका."

देहूरोडच्या शाळेतल्या त्या खोलीत आठ संघांचे कप्तान लहान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. टेबलावर दोन टोप्या उताण्या ठेवलेल्या, एक काळी आणि एक पांढरी. काळी मानाच्या संघांची, पांढरी बाकीच्यांची. टेबलामागे यशवंतराव होते. निवृत्त मास्तर, इंद्रायणी शिल्ड स्पर्धेचे सेक्रेटरी, आणि पंचक्रोशीत इंग्रजी पेपर आपल्या एकट्यालाच कळतो, अशी त्यांची ठाम समजूत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मालोजी, खाली बस. यादी छापून झाली आहे."

छापून झाली आहे! आज इतक्या दिवसांनीही हे शब्द आठवले की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "आता सोडा की तो विषय." कसा सोडू? सगळं नीट ऐका आणि मग सांगा.

मी चिंचवडला एका ओतकामाच्या कारखान्यात वाळूचे साचे भरतो. सात वर्षं झाली, पण पक्का नाही. अकरा महिने भरले की पितळी बिल्ला काढून घेतात, पंधरा दिवस घरी बसवतात, मग नवा बिल्ला, नवा नंबर. सात वर्षांत माझे सात नंबर झाले. आमचा फोरमन अर्जुनराव माणूस वाईट नाही, पण मला अजून तिसऱ्या वर्षीच्या नंबरानं हाक मारतो.

आम्ही भट्टीवरचे अकरा जण सुट्टी झाली की अनवाणी फुटबॉल खेळायचो. देहूरोडच्या गोऱ्या सोल्जरांचं बघून आमच्या आधीची माणसं शिकली, त्यांचं बघून आम्ही. पंचावन्न सालच्या जानेवारीत एके दिवशी अर्जुनराव भट्टीपाशी आला आणि म्हणाला, "सायबांचा शब्द हाय. देहूरोडच्या शिल्डमधी पहिल्या चारात आलात, तर अकराही जन पक्के. कारखान्याचं नाव पेपरात यायला पायजे, एवढंच."

मी घरी सांगितलं. कुशाबाई, म्हणजे आमची मंडळी, चुलीपुढून उठली, तेलाची वाटी आणली आणि माझे पाय पुढं ओढले. "आता ह्ये जपा," म्हणाली. "सात वर्सं वाळू तुडवलीय त्यांनी."

आता ते मानाचं प्रकरण. आदल्या वर्षी स्वित्झर्लंडात जगाचा कप झाला. यशवंतरावांनी त्याची पद्धत पेपरात वाचली आणि त्यांना ती चढलीच. चार संघांचा एक गट. त्यात दोन मानाचे, दोन साधे. मानाचे दोघं एकमेकांशी खेळणार नाहीत, साधे दोघंही एकमेकांशी खेळणार नाहीत. प्रत्येकाचे सामने दोनच. म्हणजे मानाच्या संघाला दोन्ही वेळा साधा गडी समोर, आणि साध्याला दोन्ही वेळा पैलवान! गटातले पहिले दोघं पुढं जाणार. आपल्याकडे गट दोनच, म्हणजे तेच पहिले चार. स्पर्धा सुरू व्हायच्या महिनाभर आधी मानाचे चार संघ ठरवून यशवंतरावांनी पुस्तिकासुद्धा छापली. त्या चारांत एक होती भैरव रोप कंपनी. त्यांचे मालक रंगराव. शिल्ड त्यांनी दिलेली, पुस्तिकेच्या मागच्या पानावर त्यांचाच फोटो.

आणि त्याच रोप कंपनीला आम्ही पात्रता फेरीत बाहेर काढलं.

पहिला सामना एक-एक. पुन्हा खेळलो, दोन-दोन. मग चिठ्ठी. मैदानाच्या कडेला गवराबाई चहा विकायची. चाकणकडची म्हातारी, अक्षरशत्रू, म्हणून दोन्ही बाजूंचा तिच्यावर विश्वास. तिनं चिठ्ठी उचलली. यशवंतरावांनी उलगडली : भट्टी संघ. आम्ही उड्या मारायला लागलो, तर म्हातारी ओरडली, "आरं थांबा! दुसरी वाचा आधी."

"आता दुसरी कशाला?" यशवंतराव म्हणाले.

"आमच्या घाटात बैलगाड्यांच्या शर्यतीच्या चिठ्ठ्या निघत्यात, तवा उरल्याली चिठ्ठी समद्यांम्होरं उघडत्यात. माझा बाप गाडा पळवायचा. दोनींवर येकच नाव न्हाई, ह्ये गावाला दिसाया नगं व्हय?"

यशवंतरावांनी तोंड वाकडं करून दुसरी उघडली. भैरव रोप कंपनी. झालं. सरळ, स्वच्छ, चार माणसांसमोर. रोप कंपनी घरी गेली.

पण घरी कुठली जाते! लोणावळ्याच्या संघानं नाव मागं घेतलं आणि त्या रिकाम्या जागेवर यशवंतरावांनी रोप कंपनीला परत आणून बसवलं. बरं, आणलं तर आणलं. पण मानासकट आणलं! ज्यांनी त्यांना हरवलं ते आम्ही पांढऱ्या टोपीत, आणि हरलेले काळ्या टोपीत. म्हणून मी त्या खोलीत उभा राहिलो होतो.

"यशवंतराव," मी म्हणालो, "तुमीच आम्हाला वाचून दाखवलं व्हतं. स्पेनला आधीच मानाचं ठरवून ठेवलं व्हतं. मग तुर्कस्तानानं त्यांना चिठ्ठीवर बाहेर काढलं. तवा स्पेनची मानाची जागा कुनाला मिळाली?"

ते पुस्तिकेची पानं उलटायला लागले.

"सांगा की. समद्यांना सांगा."

"तुर्कस्तानाला," ते पुटपुटले. "पण ते स्वित्झर्लंड आहे, मालोजी. हे देहूरोड."

"मग टोप्या कशाला स्वित्झर्लंडच्या मांडल्यात?"

बाकांवर हशा पिकला. यशवंतरावांचे कान लाल झाले. तेवढ्यात मागून रंगराव उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "अरे भाऊ, कागदावर कशाला भांडतोस? मैदानावर दाखव की."

सगळ्यांना ते पटलं. मलाही त्या क्षणी पटलं, याचीच मला आज चीड येते. मैदानावर तर आम्ही दोनदा बरोबरी करून दाखवलंच होतं! आता पुन्हा दाखवायचं, तेही लष्कराच्या पलटणीच्या संघाशी खेळून झाल्यावर. मानाची जागा मिळाली असती, तर आमच्या समोर सांगवीसारखे दोन हौशी संघ आले असते आणि आम्ही हसत पहिल्या चारात गेलो असतो. अकरा घरांची भाकरी त्या काळ्या टोपीत होती. मी खांद्यावरचा हात झटकला आणि खाली बसलो. बसायला नको होतं.

गट निघाला : पलटण आणि रोप कंपनी मानाचे, आम्ही आणि सांगवी साधे.

पलटणीनं आम्हाला चार-शून्यानं धुतलं. त्यांचा एकेक जवान आमच्या दीडपट. आमच्या गोलकीपरचं, कोंडीरामचं, करंगळीचं हाड मोडलं, तरी तो पट्टी बांधून उभा राहिला. रोप कंपनीनं त्याच दिवशी सांगवीला पाच गोल मारले आणि दमायच्या आत कपडे बदलून आली. दुसऱ्या दिवशी पलटणीनं सांगवीलाही उडवलं.

रविवारी आम्ही आणि रोप कंपनी समोरासमोर. त्यांच्या पायात बूट, आमच्या पायांना कुशाबाईचं तेल. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी गोल केला. रंगराव खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. मग आम्ही काय खेळलो, ते मला सांगता येत नाही. सात वर्षांतला एकेक बिल्ला डोळ्यांपुढं आला एवढं खरं. मध्यंतरानंतर बरोबरी केली. सात मिनिटं राहिली असताना मी मधून घुसलो, एका बुटानं माझी नडगी सोलून काढली, तरी चेंडू आत घातला. दोन-एक! भट्टीवरची दोनशे माणसं मैदानात उतरली. अर्जुनरावानं मला उचललं, आणि पहिल्यांदा नावानं हाक मारली.

आणि यशवंतराव पुस्तिका घेऊन आले.

"पलटणीचे चार गुण," ते म्हणाले. "तुमचे दोन. रोप कंपनीचे दोन. दुसऱ्या जागेसाठी बरोबरी आहे."

"कसली बरोबरी? आत्ता हरवलं त्यांना, तुमच्या डोळ्यांदेखत!"

"गुण समान म्हणजे बरोबरी. नियम सात. बरोबरी झाल्यास चिठ्ठी."

"तिकडं जर्मनी आन् तुर्कस्तानाची अशीच बरोबरी झाली, तवा पुन्हा सामना खेळवला! जर्मनीला कुठं मान व्हता? आन् कप कुनी नेला? जर्मनीनंच! आमीबी खेळतो पुन्हा. उद्या खेळतो. आत्ता खेळतो!"

"उद्या मैदान पलटणीला परत द्यायचं आहे. आणि छापून झालं आहे."

माझा हात उठला होता, खोटं कशाला बोलू? कोंडीरामनं पट्टीच्या हातानं तो धरला. परदेशातलं जे सोयीचं ते घ्यायचं आणि जे अंगावर येतं ते देहूरोडचं म्हणायचं, याला काय न्याय म्हणतात?

गवराबाईला बोलावलं. ती किटली खाली ठेवून, पदराला हात पुसत आली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे, आणि टोपीत हात घातला.

यशवंतरावांनी चिठ्ठी उलगडली. "भैरव रोप कंपनी."

मागून कुणीतरी ओरडलं, "दुसरी वाचा!" आणि दोनशे माणसं एका सुरात ओरडायला लागली, "दुसरी वाचा! दुसरी वाचा!" मला खात्री होती. दोन्हींवर एकच नाव असणार. आता सापडला म्हातारा! मी स्वतः पुढं झालो, टोपीत हात घातला आणि चिठ्ठी उघडली.

भट्टी संघ.

यशवंतरावांच्याच वळणदार अक्षरात, नावाखाली रेघसुद्धा ओढलेली. चिठ्ठीत लबाडी नव्हती. यशवंतराव दोन्ही हात पसरून लोकांना म्हणाले, "बघा. आता कुणी बोट दाखवायचं नाही." आणि कुणी दाखवलं नाही. दोनशे माणसं मान खाली घालून घरी गेली. खोटी चिठ्ठी निघाली असती तर आम्ही मैदान पेटवलं असतं. ती खरी निघाली, म्हणून सगळ्यांना वाटलं की आपलं नशीबच फुटकं. नशीब कसलं डोंबलाचं! आम्हाला त्या टोपीपर्यंत आणलं कुणी?

अर्जुनराव दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी आला. "सायेब म्हनले, पाचवा नंबर पेपरात येत न्हाई," एवढंच बोलला आणि निघून गेला.

मार्चमध्ये माझे अकरा महिने भरले. गेटवर बिल्ला देऊन निघालो आणि देहूरोडला पाहुण्यांकडे काम होतं म्हणून गेलो, तर वाटेत मैदान लागलं. गवराबाईची शेगडी तिथंच होती. मी चहा मागितला. तिनं डाव्या हातानं किटली उचलली, डाव्या हातानं कप पुढं केला. उजवा पदराखाली.

"मावशी, हाताला काय झालं?"

"काय न्हाई."

"भाजला का?"

तिनं डाव्या हातानं शेगडीतले कोळसे सारले. मग म्हणाली, "त्यो हात नगं बाबा. अकरा घरांची भाकर घालवली त्यानं. त्या दिसापास्नं कुनाला देन्याघेन्याला लावला न्हाई."

मला इतका संताप आला, की डोळ्यांपुढं अंधारी आली. यशवंतराव नव्या वर्षाची पुस्तिका काढायला बसले होते. रंगरावांनी आपलीच शिल्ड जिंकून आपल्याच कचेरीत लावली होती. आणि इतके दिवस हात कोण लपवत होतं, तर ही!

"मावशी," मी म्हणालो, "तुमच्या हातानं काय बी वाईट केलं न्हाई. दोनी चिठ्ठ्या खऱ्या व्हत्या. तुमच्याम्होरं टोपी धरनाऱ्यांचा गुन्हा हाय त्यो."

"तसं आसंल बाबा. घे, चा निवतोय."

"न्हाई. उजव्या हातानं द्या. तरच पितो."

ती हसल्यासारखं करून टाळायला लागली. मी जागचा हललो नाही. दोन गिऱ्हाइकं आली, चहा पिऊन गेली. माझ्या कपावर साय धरली. तिनं तो चहा ओतून टाकला, किटली पुन्हा शेगडीवर ठेवली आणि उकळी आणली. मग पदराखालून तो हात बाहेर आला. बारीक, काळा, शिरा वर आलेला. कप धरताना तो एवढा थरथरत होता, की अर्धा चहा माझ्या बोटांवर सांडला. चांगलाच कढत होता. मी हात मागं घेतला नाही.