द्वारकेला उतरलेला माणूस

मॉरिशसहून आलेल्या देविनाने भाड्याची गाडी चेन्नईपासून नाशिकपर्यंत स्वतः चालवत आणली होती. मदुराईच्या पुढे टायर फुटला, कर्नाटकात ती रस्ता चुकून भलत्याच गावात शिरली, आंबा घाटात धुक्यामुळे समोरचं काही दिसेना. पण तिचा धीर सुटला नव्हता. तो सुटला नाशिकच्याच द्वारका नावाच्या चौकात, भर दुपारी, उड्डाणपुलाखाली.

शेजारच्या सीटवर तिचे वडील होते, राघोबा. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या कामाला मॉरिशसला गेले ते तिकडचेच झाले. राघोबांनी जन्मभर तिथल्या वाकोआ गावच्या मराठी देवळात भजनं म्हटली. बायको गेल्यापासून मात्र त्यांच्या डोक्यातलं एकेक निसटत चाललं होतं. भाऊ देविनाला सांगत होता, त्यांना नेऊ नकोस. पण सगळं पुसलं जाण्याआधी त्यांना हा देश एकदा दाखवायचाच, असा तिचा हट्ट होता. प्रवासाचा शेवट गुजरातेतल्या द्वारकेला होणार होता, कारण आईला तिथे जायचं होतं आणि ते राहून गेलं. प्रवास सुरू झाल्यापासून राघोबा रोज गाडीत बसताना विचारायचे, द्वारका आली का?

चौकात गाड्या खोळंबल्या होत्या. खिडकीबाहेर एक रिक्षावाला "द्वारका, द्वारका" म्हणून आपली सवारी उतरवत होता. राघोबांनी ते ऐकलं, पट्टा सोडला आणि दार उघडून उतरले.

"पापा, नको! थांब!"

तेवढ्यात पुढची वाट मोकळी झाली. मागून ट्रकने हॉर्नचा सपाटा लावला. हवालदार शिट्टी फुंकत तिला पुढे हाकलू लागला. ती काचेतून हातवारे करत राहिली, पण त्याला ते कळेनात. गाडी पुढे सरकली आणि मग वळायला जागाच मिळेना. कुठूनतरी वळून, विरुद्ध दिशेने येणाऱ्यांच्या शिव्या खात ती परत आली, तेव्हा पुलाखाली भाजीच्या हातगाड्या होत्या, बसची वाट बघणारी माणसं होती, पापा नव्हते.

त्यांच्याजवळ फोन नव्हता. हॉटेलचं नाव त्यांना सांगता आलं नसतं. ती गाडी तशीच सोडून माणसांमागून धावू लागली. त्यांच्यासारख्या पांढऱ्या टोपीचा प्रत्येक म्हातारा तिला पापा वाटे आणि जवळ गेल्यावर दुसराच कुणी निघे. घरात ऐकून शिकलेलं तिचं मराठी ऐनवेळी तोंडातून फुटेना. "माझा पापा हरवला," एवढंच ती सगळ्यांना सांगत होती. लोक थांबत, हळहळत आणि आपल्या वाटेला लागत.

सीट कव्हरच्या दुकानातून दुकानदार रहेमान बाहेर आला, तो खरं तर तिची गाडी दारातून हलवायला सांगायला. तिचा चेहरा बघून त्याने ते सोडून दिलं. त्याने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, फोनमधला फोटो मागून घेतला आणि जीपवाल्यांच्या थांब्यावर गेला. परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती.

"ताई, ते देवळ्याच्या जीपमध्ये बसले. पोरं 'देवळा, देवळा' ओरडत होती. ते म्हणाले, मलाही देवळातच जायचंय."

देवळा हे गाव आहे आणि ते बरंच लांब आहे, हे त्याने तिला समजावून सांगितलं. जीपवाल्याचा फोन लागत नव्हता. रहेमानने पोलिसांना कळवलं, घरी बायकोला, जैतुनबीला, निरोप दिला, दुकानाचं शटर ओढलं आणि गाडीत येऊन बसला. मी चालवू का, असं त्याने विचारलं. देविना नको म्हणाली. चालवायचं सोडलं तर आपण जागीच कोसळू, असं तिला वाटत होतं.

पिंपळगावची द्राक्षं, टोलनाका, सोग्रसचा फाटा, काहीच तिला दिसलं नाही. रस्त्याकडेला कुणी बसलेलं दिसलं की पाय आपोआप ब्रेकवर जाई. इतका मोठा देश आपण कौतुकाने बघत आलो, आणि आता त्याचं हे मोठेपणच तिच्या छातीवर बसलं होतं. यात एक म्हातारा माणूस कुठेही संपून जाऊ शकतो. भावडबारी घाटाच्या चढावर जीपवाल्याचा फोन लागला. त्याने बाबांना देवळ्याच्या चौकात उतरवलं होतं. गावचेच कुणीतरी असतील, असं समजून तो पुढे निघून गेला होता.

चौकात ते नव्हते. एक पानवाला म्हणाला की कुणी देऊळ विचारत होतं, बोलणं जरा वेगळंच होतं. दोन देवळं पाहून झाली. कुठेच पत्ता नाही. शेवटी रहेमानच्या ओळखीच्या धनराज नावाच्या कांदा व्यापाऱ्याने फोन फिरवले आणि निरोप आला, की गावाबाहेर, कांदा साठवतात त्या खळ्यावर एक म्हातारा पडलाय.

खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायका गोळा झाल्या होत्या. ठमाबाई नावाच्या मजुरणीने राघोबांना पत्र्याच्या सावलीत गोणपाटावर निजवलं होतं आणि ओल्या पदराने ती त्यांचं कपाळ पुसत होती. त्यांच्या चपला कुठेतरी राहिल्या होत्या, पाय अनवाणी, टाचा फुटलेल्या, ओठ कोरडे पडलेले.

"लय तापलंय अंग," ठमाबाई म्हणाली. "दवाखान्यात चला म्हनलं, तर ऐकत नाय."

देविना गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा हात धरला. राघोबांनी डोळे उघडले आणि सभ्यपणे हात सोडवून घेतला.

"मी कुठे जाणार नाही, बाई," ते म्हणाले. "माझी लेक गाडी लावून येते. ती मला शोधेल."

मग ती कशीबशी म्हणाली, "तिनेच पाठवलंय मला. चला."

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले, ऊन डोक्यात गेलं होतं. ताप उतरल्यावर ओळख परत येईल का, असं तिने विचारलं. येईलही, असं म्हणून ते दुसऱ्या पेशंटकडे वळले. ताप उतरला. ओळख काही आली नाही. तिने भावाला फोन लावला, घडलं ते सगळं सांगितलं, आणि भाऊ काही बोलायच्या आत म्हणाली, तू ये, माझ्याने आता होत नाही.

परत निघताना तिने किल्ली रहेमानकडे दिली आणि मागचं दार उघडलं. आत बसलेले राघोबा लगबगीने खिडकीकडे सरकले, प्रवासात अनोळखी बाईला जागा करून द्यावी तसे, आणि तिला वारा लागावा म्हणून काचही खाली करून दिली.