गिरणीवरचा उजेड

साठी उलटल्यावर सासूबाईंनी गाडी शिकायचं मनावर घेतलं आणि शिकवणी माझ्या गळ्यात पडली. दिवेलागणीनंतर आम्ही बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मोकळ्या आवारात जायचो. मी त्यांना आईच म्हणते. गाडीत मी मास्तरीण, पण तोंड त्यांचंच चालायचं.

"क्लच हळू सोडा, आई."

"हळूच सोडतेय. तुझी गाडीच उतावीळ आहे."

त्या संध्याकाळी गाडी पुन्हा आचका देऊन बंद पडली. आई किल्ली फिरवणार, तोच समोरची भिंत लख्ख उजळली. मला वाटलं, मागून ट्रक आला. पण भिंतीवरच्या सावल्या सरकायला लागल्या. आमच्या गाडीची, खांबांची, वाळल्या गवताच्या काडीकाडीची सावली, सगळं एकदम चालू लागलं.

मग ते आमच्या डोक्यावरून पुढे आलं. हिरवट पांढरा गोळा, बघवत नव्हतं इतका झगझगीत, मागे लांबलचक शेपूट. कसलाही आवाज नाही. चिमणीच्या वर तो फुटला, त्याचे नारिंगी तुकडे झाले आणि एकेक करत विझले.

आम्ही दारं उघडून बाहेर आलो. आभाळात धुराची फिकट रेघ तेवढी उरली होती.

"उल्का होती, आई."

"एवढी?"

"एवढी मीही कधी पाहिली नाही."

"गिरणीवरच पडली गं," आई कुजबुजल्या. त्यांना कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रेघ वाकडी होऊन विरत आली, तेव्हा कुठे आवाज आला. धडाम! छातीत हादरा बसला, गिरणीची तावदानं थरथरली, कुत्री भुंकत सुटली. आईंनी माझा हात घट्ट धरला.

"आत्ता आवाज? म्हणजे केवढ्या लांब होतं ते!" आई म्हणाल्या.

त्या मान वर करून उभ्याच राहिल्या. परत येताना गाडी मी चालवली. आई काच खाली करून, गार वारा खात वर बघत होत्या.

घरी सगळे आवाजाबद्दलच बोलत होते. "कुठे सिलेंडर फुटला म्हणे," सासरे म्हणाले.

"छे हो, आम्ही बघितलं ना! इथून निघालं..." आईंनी हात उंचावून दाखवायला सुरुवात केली. हात छताकडे गेला आणि तिथेच थांबला.

"इथे नाही मावणार," त्या म्हणाल्या. "बाहेर चला सगळे."

आणि आम्ही सगळे त्यांच्यामागून अनवाणीच रस्त्यावर आलो.