लाल टॅग

बाबांनी आठच्या आठ राउटर एका दुपारी मारले आणि मी त्यांच्यावर ओरडले. हे आधीच कबूल करते, नाहीतर पुढे मी फार शहाणी वाटेन.

माझे बाबा, देवाजी, तीस वर्षं प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होते. वैशाली नगरच्या आमच्या गल्लीत त्यांचा शब्द चालतो. एका स्वस्त राउटर-बोर्डासाठी सगळ्यांना खुलं, फुकटचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर दिवसातून चारदा अडकतं, आमचं महिनोन् महिने चालतं. बाबांनी गल्लीभर सांगितलं, 'माह्या पोरीनं बनवलं', आणि आठ घरांनी तो बोर्ड मागवला. बाबांनी आठही बोर्डांवर माझ्या सॉफ्टवेअरची फाइल चढवली. नंतर एकाचाही दिवा लागेना.

"आधी एकावर करून पाहाचं ना, बाबा. सगळ्यांवर कावून चढवलं?"

"नंबर तोच होता," बाबा म्हणाले. "प्लांटमंदी नंबर तोच म्हणजे माल तोच. माल बदलला तर नंबर बदलते."

खोक्यावर नंबर खरंच तोच होता. आमच्या घरचा जुना बोर्ड आणि नवा उघडून शेजारी ठेवले. नव्यात मेमरीची चिप वेगळी होती, हलकी. कुठे म्हणून एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, कम्युनिटी सपोर्ट उपलब्ध आहे. कम्युनिटी म्हणजे कोण? मी, आणि माझ्यासोबत हे सॉफ्टवेअर सांभाळणारा पोलंडमधला एक माणूस, ज्याचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. करायचं यांनी, निस्तरायचं आम्ही.

तेवढ्यात शेजारच्या मनकर्णाकाकू दारात आल्या. "देवाजी भाऊ, नेट कधी चालू होईन?" बाबांनी मान खाली घातली. ती मान माझ्या फाइलीपायी खाली गेली होती, आणि मला ते सहन झालं नाही.

काकू गेल्यावर बाबांनी कपाटातून प्लांटचा जुना लाल टॅग काढला. 'काम चालू आहे, मशीन चालू करू नये.' खाली स्वतःचं नाव लिहून तो आठ बोर्डांच्या खोक्याला बांधला. मी तेच सॉफ्टवेअरच्या वेबपेजवर केलं. लाल चौकटीत लिहिलं, या नंबरचा नवा बोर्ड घेऊ नका, आणि खाली माझं पूर्ण नाव.

तिसऱ्या दिवशी कंपनी एकदम गोड झाली. इशारा काढा, आठ नवे बोर्ड फुकट पाठवतो.

आठ बोर्ड म्हणजे बाबांचा शब्द परत. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं.

"त्यात चिप कोनती?"

"तेच नवी. आमची फाइल त्याच्यावर चालतच नाही. त्याईचंच अडकनारं चालवा लागन."

"अन् बाकीचे लोक हेच घेऊन राहिले?"

"हो."

"मंग काम कुठं झालं? काम झाल्याबिगर टॅग निघत नाही."

बाबा चपला घालून आठ घरी सांगायला निघाले. पहिल्याच दारात ते 'माही चूक झाली' म्हणाले, ते मला घरात ऐकू आलं. कंपनीचं पत्र मी लाल चौकटीखाली जसंच्या तसं चिकटवलं.