चौकातलं खडखडणारं झाकण

मी चौकातल्या चेंबरचं झाकण बोलतेय. झाकण असून 'बोलतेय' कसं, म्हणून नाक मुरडू नका. साऱ्या वस्तीची घाण झाकायची आणि वर लाथा खायच्या, हे काम बाईशिवाय कुणाला देतात? म्हणून मी स्वतःला बाईच समजते.

भट्टीत लोखंड वितळवून मला ओतलं. ओतारी म्हणाला, "दोघांशिवाय हलायची नाही ही." माझं कौतुक झालं ते तेवढंच. मग हातगाडीवर घालून इथे आणलं आणि बसवलं. त्याला तीस वर्षं झाली.

चौकात सकाळपासून झुंबड. डाव्या हाताला कापडाची, चपलांची, चष्म्यांची दुकानं, समोर रिक्षांची रांग, उजवीकडे मावशीची खानावळ. मी माणसं तळव्यांवरून ओळखते. नवी चप्पल घेतलेली बाई माझ्यावर येऊन दोनदा पाय आपटून बघते. नवखा माणूस हमखास माझ्यावरच उभा राहून विचारतो, "जेवण कुठं बरं मिळेल हो? आणि परतीची बस?" चौघं चार दिशांना बोटं दाखवतात. पायाखाली काय आहे, ते कुणी विचारत नाही.

एक जण विचारायचा. गटारं साफ करणारा म्हातारा. वर्षातून दोनदा यायचा, लोखंडी आकडीनं मला ठोकायचा, कान लावायचा. "काय म्हणतेस बये?" मग जोडीदाराला घेऊन मला उचलून आत उतरायचा. तो घरी बसला. आता पालिकेचा साहेब येतो, गाडीतूनच माझा फोटो काढतो आणि निघून जातो. फोटोत मी छान दिसत असेन.

आतली गोष्ट अशी, की खालचा नळ फुटलाय. पाणी मूठ मूठ माती घेऊन चाललंय. माझ्या चौकटीखाली एका बाजूला आता काहीच नाही. मी अधांतरी आहे. म्हणून चाक गेलं की मी खडखडते. मला दुसरं बोलता येत नाही.

खानावळीची टेबलं माझ्या कडेपर्यंत आलेली. एका गिऱ्हाइकानं घास तोंडात ठेवूनच चेष्टा केली, "मावशी, खाली कुणाचे दात वाजतायत?"

"तुझ्या सासूचे!" मावशी म्हणाली. सगळे हसले. पण तिला ते लागलं. तिनं जुन्या टायरचा तुकडा कापून आणला आणि माझ्या फटीत हातोडीनं ठोकून बसवला.

"गप्प बसली एकदाची!" गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

मावशीची सून रोज माझ्या शेजारी भांडी विसळते. तिच्या लक्षात आलं. पूर्वी पाणी साचायचं, चिखल व्हायचा. आता बादलीभर ओतलं तरी क्षणात गायब.

"सासूबाई, हे पाणी जातं कुठं?"

"जातंय ना? मग जाऊ दे की! चिखल काढायचा वाचला तुझा."

"फरशी पण कलली बघा. टेबल डुगडुगतंय."

"तुझं डोकं डुगडुगतंय. भांडी आवर."

परवा बस थांब्याचा खांब उखडून खानावळीच्या दारात रोवला. आजपासून बस इथेच थांबणार, अगदी माझ्यावर. मावशीचा आनंद पोटात मावेना. सहा नवी टेबलं आली, रस्त्याकडेला मांडली. सकाळपासून माणसं बसलीत, जेवून पहिली बस पकडायची म्हणून.

सून मात्र ताटं सोडून माझ्यापाशी उकिडवी बसली. उलथनं घालून तिनं तो टायरचा तुकडा उपसून काढला. पाय देऊन मला दाबलं. मी खडखडले, जीव तोडून खडखडले. तिनं फटीतून एक खडा टाकला आणि कान लावला. तो कुठे पोचल्याचा आवाजच आला नाही. ती ताडकन उठली.

"उठा! सगळे उठा इथून!"

"वेड लागलं का गं?" मावशी ओरडली. "गिऱ्हाइकं उठवतेस?"

कुणी उठलं नाही. एकानं तर आणखी भाजी मागितली.

आता बस वळणावर आलीय. तिचा भार मला लांबूनच कळतोय. खालची माती सुटून पडतेय. सून रस्त्यात आडवी उभी आहे, दोन्ही हात पसरून, हातात उलथनं. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. "ए बाई, मरायचंय का?" मावशी तिच्या दंडाला धरून ओढतेय. दोन गिऱ्हाइकं हात पुसून मदतीला उठलीत, मावशीच्या.

अरे मेल्यांनो, तिला ओढू नका! तीस वर्षं तुमच्या लाथा खाल्ल्या, कधी काही मागितलं नाही. आज एवढंच मागते, तिला तिथेच उभी राहू द्या. मी तर पडणारच आहे. एकटी पडू की तुम्हाला घेऊन, तेवढं तिच्या दंडावरचे हात सुटतात की नाही, त्यावर आहे.