तीसपैकी एकोणीस

माझ्या धाकट्या भावाने वयाच्या बासष्टाव्या वर्षी एका निवृत्त शाळामास्तरणीशी लग्न केलं, त्याच वर्षी माझ्या नातीला पीएचडीला जागा मिळाली. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात आल्या. घरात जास्त चर्चा अर्थातच नवरदेवाची झाली.

नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं होतं. औषधं न देता, बोलून आणि चाचण्या घेऊन मनाचे आजार ओळखायचे, बरे करायचे. चार वर्षांचं शिक्षण, तेही नेमकं त्याच हॉस्पिटलात, जिथल्या धुलाईघरात मी एकतीस वर्षं चादरी धुतल्या.

पहिल्या वर्षी तिला सरावासाठी माणसं हवी होती. घरात रिकामी मीच.

"आजी, आज वार कोणता?"

"लांबच्या वॉर्डाच्या चादरींचा."

"असं नाही गं. वाराचं नाव सांग."

"गुरुवार. गुरुवारीच यायच्या त्यांच्या चादरी. तेच तर सांगतेय."

तिने कागदावर काहीतरी खूण केली. मग गोल काढून त्याचं घड्याळ करायला सांगितलं. मी जन्मात पेन्सिल धरलेली नव्हती. गोल बटाट्यासारखा झाला. आकडे ओळखता येत होते, काढता येत नव्हते, म्हणून नुसत्या रेघा मारल्या, त्याही एका बाजूला दाटल्या. एका आकृतीखाली तशीच दुसरी काढायची होती, ती राहिलीच. शेवटी ती म्हणाली, "मनात येईल ते एक वाक्य लिही," आणि लगेच जीभ चावली.

तीसपैकी एकोणीस पडले.

"वाईट आहेत का?"

"काही नाही गं," ती कागद फाईलीत घालत म्हणाली.

"माझ्याशी डॉक्टरीणबाई होऊ नकोस. काय ते सांग."

"चोवीसच्या खाली गेले, की विसरण्याच्या आजाराची शंका घेतात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अकरा वॉर्ड, रोजच्या चारशे चादरी, आणि कुठली कुठे जायची हे मी नुसता काठाला हात लावून सांगत असे. एकतीस वर्षांत एकदा गफलत झाली, तीही मेट्रनची.

"तो कागद जपून ठेव," मी म्हणाले. "आणि तुझ्या नव्या मामीआजीला बोलाव."

नव्या नवरीला आल्याआल्या विद्यार्थीण मिळाली. बाई कडक. माझं अक्षर बघून म्हणायची, "वन्सं, हा क आहे की मोडकी खुर्ची?"

"खुर्चीच समज. बस तिच्यावर आणि पुढचं शिकव."

दीड वर्ष लागलं. बोटं ऐकत नव्हती. पण एक दिवस मी पेपरातली बातमी शेवटापर्यंत वाचली आणि नातीला म्हटलं, काढ तुझी चाचणी. या वेळी सत्तावीस आले. वाक्याच्या जागी मी लिहिलं, 'मला सगळं आठवतं.'

नातीने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"आजी, हा आजार असा मागे फिरत नाही."

"मग?"

"मग आजार नव्हताच. शाळा नव्हती."

तिसऱ्या वर्षी तिच्या वॉर्डात काजवाली आली. शिंप्यांसाठी हाताने काज करण्यात त्या बाईचा जन्म गेला होता. नवरा वारला तशी ती बोलेनाशी झाली. जेवण टाकलं. दोनदा गॅस तसाच पेटता राहिला. पुतण्याने आणून दाखल केलं आणि कागद मागितला, की हिला विसरण्याचा आजार आहे, हिला लांबच्या वॉर्डात, कायमच्या रोग्यांत ठेवा. त्या वॉर्डातून चालत घरी गेलेलं माणूस मी पाहिलं नाही. गुंडाळून नेलेली पाहिली. त्या चादरी परत मलाच धुवाव्या लागत.

चाचणी नातीने घेतली. काजवालीला चौदा पडले. शाळेचं तोंडही न पाहिलेली ती, माझ्यासारखीच. नातीने मग तिच्यापुढे कापड आणि सुईदोरा ठेवला. बाईने पट्टी न लावता सारख्या अंतरावर सहा काज केले, आणि दुसऱ्या दिवशी सुई कुठे खोचून ठेवली होती ते स्वतः दाखवलं. नातीचं म्हणणं एकच, हे दुःख आहे, आजार नाही.

पण विभागप्रमुखांनी अहवाल तयार ठेवला होता. ज्याने चाचणी घेतली त्याची सही लागते, तेवढी बाकी होती.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. बाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं.

"चौदा म्हणजे चौदा," सर म्हणाले. "सही कर."

"सर, हे शाळेत न गेल्याचे मार्क आहेत. हे दोन कागद बघा."

"कुणाचे?"

"माझ्या आजीचे. बाहेर बसलीय."

मला आत बोलावलं. पाच-सहा डॉक्टर, विद्यार्थी बसलेले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मावशी? धुलाईघरातल्या?"

"हो. तुम्ही शिकाऊ होतात तेव्हापासून ओळखते. कोटाच्या खिशात उघडं पेन ठेवायचात. सात कोट वाया घालवलेत."

विद्यार्थी खोकले. सर हसले नाहीत. कागद परत करत म्हणाले, "तुमचा सराव झालाय. सरावाने मार्क वाढतात."

"सर, दोनदाच घेतलीय, मध्ये दीड वर्ष गेलंय," नात म्हणाली.

"सराव तर सराव," मी म्हणाले. "पण साहेब, शाळा म्हणजे तरी काय? तुम्ही वीस वर्षं सराव केलात, मी दीड वर्ष. काजवालीला अर्धा तास दिलात आणि म्हणता नापास."

"मावशी, बाहेर बसा."

"बसते. पण तिथूनही ऐकू येतं. कानांचे मार्क पूर्ण आहेत माझे."

मी बाहेर आले. आतला आवाज खाली गेला. "ही केस तुझ्या नावावर धरली जाणार नाही. सहा महिने मागे पडशील. बरोबरीचे पदवी घेऊन निघून जातील. विचार कर."

खोटं कशाला बोलू? क्षणभर मला वाटलं, कर बाई सही. लेकीच्या लेकीचं नुकसान कुणाला बघवतं?

पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला.

"नाही करणार, सर. आणि दुसऱ्या कुणाकडून हीच चाचणी घ्यायची तर सहा महिने थांबावं लागतं. तुम्हीच शिकवलंय."

कागद नाही म्हणून लांबचा वॉर्ड नाही. पुतण्याला तिला घरी न्यावं लागलं. दर गुरुवारी तो तिला नातीकडे आणून सोडायचा, तोंड वाकडं करून. पहिला महिना काजवाली नुसती बसून राहिली. तिसऱ्या महिन्यात नवऱ्याबद्दल बोलली आणि रडली. पाचव्या महिन्यात नातीच्या कोटाकडे बोट दाखवून म्हणाली, "पोरी, हे बटण कुणी लावलंय? आंधळ्याने?"

सहा महिन्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्याने चाचणी घेतली. मार्क पंधरा. एकच वाढला. पण तोवर बाई पुन्हा शिंप्याकडची कामं आणू लागली होती, पुतण्याचं घर तिच्याच हातचं जेवत होतं. सरांनी दोन्ही कागद पाहिले आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'आजार आढळत नाही.' माफी वगैरे काही नाही. मला तो कागद नातीने दाखवला. मी तो स्वतः वाचला, दोनदा.

नातीची पदवी सहा महिने उशिरा झाली. शाळेत न गेलेल्यांसाठी वेगळी चाचणी, हाच तिने प्रबंधाचा विषय घेतला होता. सरांनी कुरकुरत का होईना, त्यावर सही केली.

काजवाली गेल्या वर्षी, थंडी संपता संपता, बुधवारी दुपारी वारली. त्या न केलेल्या सहीनंतर नऊ वर्षांनी. हृदय बंद पडलं. ती आपल्या घरी होती, स्वतःच्या चादरीवर.