उजव्या कोपऱ्यातली खाच

सॉफ्टवेअरवाला दारातूनच हसत आत आला, तेव्हाच मोठ्या बाईंच्या मनात पाल चुकचुकली. द्यायला आलेला माणूस इतका हसत नाही.

गिअरबॉक्सची झाकणं आणि पंपाचे भाग बनवणारा हा कारखाना नवऱ्यामागे त्याच चालवत होत्या. शिक्षण अक्षरओळखीपुरतं, पण त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातून खिळा हलत नसे. आज सही हवी होती ती करारावर. कारखान्याची तीस वर्षांची सगळी ड्रॉइंगं सॉफ्टवेअर कंपनीच्या मशीनला वाचायला द्यायची आणि बदल्यात पुढच्या वर्षी येणारं नवं व्हर्जन फुकट मिळवायचं.

"आई, घ्याच हे," कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी सून म्हणाली. "तीन महिने चाचणीचं व्हर्जन वापरतेय मी. दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकतं."

"फुकट देतायत म्हणजे आपलं काहीतरी खातायत."

"तुम्हाला सगळ्यातच वास येतो."

"नाक आहे, म्हणून येतो."

सॉफ्टवेअरवाल्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला. "आजी, इकडे बघा..."

"आजी घरी. इथे मालकीण."

"बरं, मालकीणबाई. ही सोय अजून बाजारात यायचीय. मी फक्त चार भोकांच्या जागा दाखवतो, बाकीचं झाकण प्रोग्राम स्वतःच पुरं करतो." त्याने चार ठिकाणी बोट टेकवलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कडा, गोलाई, जाडी सगळं उभं राहिलं. सुनेचा चेहरा खुलला.

बाई चष्मा सावरून पुढे वाकल्या. "तो खालचा उजवा कोपरा मोठा करा."

कोपऱ्यात अंगठा मावेल एवढी खाच होती.

"ही कशाला?"

"वजन कमी आणि ताकद तेवढीच. लाखो झाकणं अभ्यासून प्रोग्रामनं काढलेला हिशोब आहे."

"आणि ह्यात आमचं काही?"

"छे! एक रेघसुद्धा नाही. सही झाल्याशिवाय आम्ही हात लावत नाही."

बाईंनी टेबलावरचं तयार झाकण उचलून त्याच्या हातात दिलं, सोबत कानस. "धरा, आणि कड घासा."

त्याने डाव्या हातात झाकण धरलं आणि उजव्या हातात कानस. ह्याही झाकणाला खालच्या उजव्या कोपऱ्यात तशीच खाच होती; ती रिकामीच राहिली.

"आता द्या इकडे." बाईंनी झाकण उजव्या हातात घेतलं आणि कानस डाव्या. अंगठा खाचेत चपखल बसला. "मी डावखुरी. लग्न करून आले तेव्हा सगळ्या कडा मीच घासायची. झाकण निसटून अंगठा चिरायचा, म्हणून ह्यांनी ड्रॉइंगमध्येच खाच ठेवली. गिऱ्हाइकाला तिचा काडीचा उपयोग नाही. मग तुमच्या मशीनला कुठून सुचली? ती लाखो झाकणं घासणारी माणसं एका रात्रीत डावखुरी झाली काय?"

"योगायोग असेल..." त्याचं हसू मात्र कुठल्या कुठे पळालं होतं.

सून खाली बघत होती. "आई, चाचणी सुरू करताना एक लांबलचक पान आलं होतं. मी न वाचताच 'मान्य' दाबलं. त्यातच आपली ड्रॉइंगं घ्यायची मुभा असणार."

"मला धड वाचता येत नाही म्हणून मी वाचत नाही. तुझं काय दुखत होतं?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि करार सॉफ्टवेअरवाल्यापुढे सरकवला. तो लॅपटॉप मिटून निघाला. जाताना कंपनीला विचारून कळवतो म्हणाला.

"काय काय गेलंय?" बाईंनी विचारलं.

"झाकणं सगळी. पंपाची ड्रॉइंगं अजून त्यात घातली नव्हती."

"मग ते चाचणीचं आत्ताच्या आत्ता काढ. जुन्यावरच काम कर. दोन दिवस लागतात, तर लागू देत."

सुनेने मान हलवली. जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "नव्या झाकणांतून ती खाच काढून टाकू?"

"मुळीच नाही." बाईंनी झाकण उजेडात धरून कोपरा पुसला. "उद्या दुसऱ्या कुणाच्या झाकणावर दिसली, तर कुठून गेली ते मला दुरूनही ओळखता आलं पाहिजे."