सहाव्या पायरीवरची ओळ

निशिगंधा त्या एका ओळीसाठी तीन आठवडे भांडली आणि शेवटी थकून ‘चालेल’ म्हणाली. ओळ साधीच होती: झाकण उघडण्याआधी पंपातली हवा सोडा. फवारणी पंपाच्या माहितीपत्रकात ती सहाव्या पायरीच्या डोक्यावरच हवी, असं तिचं म्हणणं. पुण्यातला तिचा साहेब अविनाश म्हणे, सावधगिरीच्या सगळ्या सूचना मागच्या पानावर एकत्र. कंपनीचं धोरण तसं आहे आणि सहा भाषांना साचा एकच आहे. नांदुऱ्यात घरी बसून कंपनीची पत्रकं लिहायची आणि वर पुण्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मजकुराच्या अकरा फेऱ्या झाल्या. बाराव्या फेरीला तिच्यात त्राणच उरलं नाही.

चार दिवसांनी नमुन्याचा पंप आणि पत्रकाची प्रत घरी आली. तिच्या वडिलांना, किसनरावांना, कोण उत्साह! औषध नको, साधं पाणी भरून बघू म्हणत त्यांनी अंगणातच पंप मांडला. आई रुखमाबाई चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागल्या. त्या घरात मिक्सर असो की शिलाई मशीन, रीत हीच. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं करत जायचं. कागद उलटून कुणी बघत नाही. याच रीतीत वाढलेली निशिगंधा अविनाशशी भांडताना नेमकं एवढंच सांगायला विसरली होती.

“सहा. फवारा कमी झाला की झाकण उघडून टाकी पुन्हा भरा,” रुखमाबाईंनी वाचलं.

“बाबा, थांबा!”

तोवर झाकण फिरलं होतं. कोंडलेल्या हवेनं आतलं पाणी फसकन उसळून किसनरावांच्या तोंडावर आलं. रुखमाबाई हसून हसून बेजार झाल्या. निशिगंधानं मात्र टाकीकडे पाहिलं. पाण्याच्या जागी औषध असतं तर?

तिनं तिथूनच अविनाशला फोन लावला.

“अगं, कालच चाळीस हजार प्रती छापून झाल्या,” तो म्हणाला. तोही दमलेलाच होता. “आणि चालेल म्हणून तूच कळवलंस ना?”

तिनं फोन ठेवला. चूक अर्धी त्याची, अर्धी आपली. पण आपलीच जास्त बोचत होती.

किसनराव खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत आले.

“बाबा, मी थांबा म्हनलं व्हतं ना!”

“कागदात कुठी लिहेल व्हतं थांब म्हनून? अन् कागद तुया हातचा. मंग मी काऊन इचार करू?”

तिनं आईच्या हातातलं पत्रक घेतलं.

“किती छापले वं असे?” त्यांनी विचारलं.

“चायीस हजार.”

किसनरावांचा ओला चेहरा उजळला. “आयकलं काय वं?” त्यांनी रुखमाबाईंना हाक मारली. “आपल्या पोरीनं लिहेल कागद चायीस हजार घरी जाऊन राह्यला!”